फरारी म्हातारा: वृद्ध युद्धगुन्हेगारावरच्या थरारपटाची पटकथा कशी बांधावी

पंचाहत्तरीचा माणूस पळतोय आणि प्रेक्षकाने दोन तास जागेवरून हलायचं नाही, हे गणित सोपं नाही. हा माणूस धावू शकत नाही. जिने चढताना थांबतो, रात्री तीनदा उठतो. बहुतेक पटकथा इथेच फसतात. लेखकाचा धीर सुटतो, तो म्हाताऱ्याच्या हाती पिस्तूल देतो, मागे गाड्या लावतो, आणि गोष्ट इतर शंभर पाठलागपटांसारखी होऊन जाते.

या प्रकारातला थरार दारांत असतो. कोण दार उघडतं, कोण साखळी न काढता फटीतूनच बोलतं, कोण आत घेऊन मग फोनकडे जातं. चाळीस वर्षं फरारी राहिलेला माणूस एकट्याच्या बळावर टिकत नाही. त्याला कोणीतरी जेवू घालतं, पैसे पोचवतं, त्याच्यासाठी खोटं बोलतं. त्या माणसांची साखळी नीट बांधली की पटकथेचा निम्मा भार उतरला.

समोर एक खरा नमुना ठेवून काम करा. सगळ्यात उपयोगी प्रकरण फ्रान्समधल्या पॉल तूव्हिएचं आहे. जन्म ३ एप्रिल १९१५. जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या विशी सरकारने जानेवारी १९४३ मध्ये ‘मिलीस’ नावाचं निमलष्करी दल उभारलं. तूव्हिए लियों विभागात या दलाच्या गुप्तवार्ता शाखेचा प्रमुख होता. २८ जून १९४४ रोजी विशी सरकारचा प्रचारमंत्री फिलिप आंरियो याला भूमिगत क्रांतिकारकांनी पॅरिसमध्ये ठार केलं. त्याचा सूड म्हणून दुसऱ्या दिवशी, २९ जूनच्या पहाटे, लियोंजवळच्या रिय्यो-ला-पाप इथे स्मशानभूमीच्या भिंतीपाशी सात ज्यूंना गोळ्या घातल्या गेल्या. युद्ध संपल्यावर १९४६ आणि १९४७ मध्ये तूव्हिएला त्याच्या गैरहजेरीत दोनदा मृत्युदंड सुनावला गेला. तो हाती लागला थेट २४ मे १९८९ रोजी, नीस शहरातल्या एका कट्टर परंपरावादी कॅथलिक मठात.

आधी साल, मग वय

कागदावर पहिली ओळ लिहायची ती वयाची. तूव्हिए गुन्ह्याच्या वेळी २९ वर्षांचा होता आणि अटकेच्या वेळी ७४ वर्षांचा. या प्रकारासाठी हे वय अगदी बरोबर आहे: माणूस सुटकेस उचलू शकतो, पण दोन मजले चढून नाही. साठीचा घेतलात तर तो अजून धडधाकट असतो, नव्वदीचा घेतलात तर घरातून बाहेरच पडत नाही.

आजच्या काळात गोष्ट घडवायची हौस असेल तर दुसरं महायुद्ध सोडून द्या. १९४४ मध्ये वीस वर्षांचा असलेला माणूस २०२४ मध्ये शंभराचा होतो. त्याच्यावर न्यायालयीन नाट्य होईल, फरारीपट होणार नाही. त्याऐवजी बोस्निया किंवा रवांडा घ्या. रवांडातल्या १९९४ च्या वंशसंहारातला आरोपी फेलिसियाँ काबुगा १६ मे २०२० रोजी पॅरिसच्या उपनगरातल्या एका फ्लॅटमध्ये सापडला, तेव्हा त्याने ऐंशी ओलांडली होती. बोस्नियातल्या सर्बांचा नेता राडोव्हान काराजिच २००८ मध्ये बेलग्रेडला पकडला गेला. लांब दाढी, डोक्यावर बांधलेला अंबाडा, नाव बदललेलं, आणि पेशा पर्यायी उपचार करणाऱ्याचा. तो लोकांसमोर व्याख्यानंही देत होता. लपणं म्हणजे नेहमी तळघरात बसणं नव्हे, हे यातून घ्या.

साल ठरलं की त्या सालातल्या वस्तू लिहून काढा. १९८९ चा फ्रान्स म्हणजे फोनसाठी बूथ आणि टेलिकार्ड, खिशात फ्रँक, बऱ्याच घरांत मिनिटेल, म्हणजे फोनला जोडलेलं माहिती शोधायचं छोटं यंत्र. तेव्हाच्या फ्रेंच गाड्यांच्या नंबरप्लेटवर शेवटचे दोन आकडे जिल्ह्याचे असत: लियोंच्या भागाला ६९, तूव्हिएच्या कुटुंबाचं गाव असलेल्या शांबेरीच्या साव्हॉयला ७३, नीसला ०६. नीसमधल्या मठाच्या अंगणात ७३ ची गाडी तिसऱ्यांदा दिसली, एवढ्यावर एक अख्खा सीन उभा राहतो. एकही संवाद लागत नाही.

कायद्याची कळ शोधा

‘गुन्हेगार आहे, पळतोय, पोलीस मागे आहेत’ एवढ्याने भागत नाही. तो *आत्ताच* का पळतोय, याला कायद्यातलं उत्तर हवं. तूव्हिएच्या प्रकरणात ते फार नाट्यमय आहे, म्हणून इथे घाई करू नका.

फ्रान्समध्ये त्या काळी मृत्युदंडाची अंमलबजावणी वीस वर्षांत झाली नाही तर ती शिक्षा कालबाह्य होत असे. तूव्हिए वीस वर्षं दडून राहिला आणि १९६७ मध्ये त्याच्या मानेवरची दोरी आपोआप निघाली. पण मालमत्ता जप्तीसारख्या दुय्यम शिक्षा शिल्लक होत्या. त्या माफ व्हाव्यात म्हणून चर्चमधल्या त्याच्या हितचिंतकांनी खटपट केली, आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पॉम्पिदू यांनी माफी दिली. १९७२ मध्ये ही बातमी एका साप्ताहिकाने फोडली आणि देश खवळला. फ्रान्सने डिसेंबर १९६४ मध्येच मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांना मुदतीचं बंधन नाही, असा कायदा केलेला होता. त्याच्या आधारे १९७३ मध्ये नव्या तक्रारी दाखल झाल्या. म्हणजे माणूस सुटला होता. पण घर-मालमत्ता परत हवी या हव्यासाने तो पुन्हा उजेडात आला आणि पुन्हा फरार झाला. पटकथेची सुरुवात शोधत असाल तर ती इथे आहे: बंद झालेली फाइल त्याच्याच अर्जामुळे उघडते.

दुसरी कळ मध्यंतराजवळ वापरा. १९९२ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने खटला चालवण्यास नकार दिला. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने रिय्यो-ला-पापपुरता तो निर्णय फिरवला. मुद्दा असा होता की गुन्हा मानवतेविरुद्धचा ठरायला जर्मन सत्तेशी त्याचा धागा जुळायला हवा. आणि तूव्हिए स्वतःच्या बचावासाठी सांगत आला होता की जर्मनांना कितीतरी जास्त माणसं हवी होती, आपण घासाघीस करून आकडा सातवर आणला. जीव वाचवण्यासाठी घोकलेल्या त्याच वाक्याने हवा असलेला धागा जोडून दिला. तुमच्या पात्रासाठी असं एक वाक्य तयार करा. पहिल्या तासात तो ते तीन वेगवेगळ्या माणसांना सांगतो, दर वेळी सहानुभूती मिळवतो. चौथ्यांदा ते तपास न्यायाधीशासमोर बोलतो, आणि टंकलेखकाची बोटं क्षणभर थांबतात.

इथली नेहमीची चूक म्हणजे फाशीची भीती. फ्रान्सने १९८१ मध्ये मृत्युदंड रद्द केला. १९८९ मधला फ्रेंच फरारी ‘मला मारून टाकतील’ म्हणाला तर जाणकार प्रेक्षक तिथेच सुटतो. त्याची भीती वेगळी लिहा: तुरुंगातलं मरण, वर्तमानपत्रातला फोटो, मुलांसमोर उघडं पडणं.

साखळी: सहा किंवा सात दारं

पटकथेचा गाभा हा. सहा-सात आश्रयदाते ठरवा आणि प्रत्येकासाठी एक कार्ड करा. कार्डावर चार गोष्टी: हा मदत का करतो, त्याची काय किंमत मोजतो, त्याला काय ठाऊक नाही, आणि त्याच्याकडे कोणता पुरावा मागे राहतो. चौथा रकाना रिकामा राहिला तर ते पात्र काढून टाका, कारण तपास पुढे सरकतो तो याच रकान्यातून.

‘का’ या रकान्यात सगळ्यांची एकच विचारसरणी लिहू नका. खऱ्या आयुष्यात कारणं वेगवेगळी असतात. कोणी खरंच त्याच विचाराचा असतो. कोणी त्याला पश्चात्तापदग्ध पापी समजतो आणि क्षमा हे आपलं कर्तव्य मानतो. कोणाला वरून चिठ्ठी आलेली असते, तो आज्ञा पाळतो. कोणाचं जुनं गुपित त्याच्याकडे असतं. कोणाला तो कोण आहे हेच माहीत नसतं. बागेतल्या गुलाबांना पाणी घालणारा शांत पाहुणा एवढीच त्याची ओळख. कोणी नात्यातलं असतं. आणि एक जण थकलेला असतो. तो थकलेला माणूस शेवटच्या तिसऱ्या भागात आणा.

क्रम ऊबेकडून थंडीकडे न्या. पहिल्या मठात प्रमुख स्वतः दार उघडतात, गरम सूप आणि दुसऱ्या मजल्यावरची खोली मिळते. तिसऱ्या ठिकाणी खोली तळमजल्यावर, जेवण ताटाने दाराबाहेर. पाचव्या ठिकाणी ‘फक्त आजची रात्र’. सहाव्या दाराची साखळी निघतच नाही. खोली, अन्न, उजेड, दिलेला वेळ, या चारही गोष्टी दर ठिकाणी थोड्या कमी करत जा. कोणालाही समजावून न सांगता फास आवळत जातो.

चर्चचं चित्रण करताना विशेष जपा. सगळे पाद्री एका कटात सामील आहेत असं लिहिलंत तर ते खोटंही ठरेल आणि कंटाळवाणंही. लियोंच्या कार्डिनलांचे सचिव राहिलेले शार्ल द्युकेर यांनी तूव्हिएच्या माफीसाठी वर्षानुवर्षं धडपड केली, हे खरं. पण त्याच लियोंचे नंतरचे कार्डिनल देकूर्त्रे यांनी १९८९ मध्ये धर्मप्रांताचे दप्तर इतिहासकारांना खुले केले. इतिहासकार रने रेमों यांच्या समितीने १९९२ मध्ये अहवाल दिला. आणि अटक झाली तो मठ ज्या पंथाचा होता, त्याचे रोमशी, म्हणजे पोपशी, १९८८ मध्येच फाटले होते. म्हणजे एकाच झग्याखाली तीन वेगळी माणसं आहेत: लपवणारा, दप्तर उघडणारा, आणि रोमलाही न जुमानणारा. त्यांचा आपसातला झगडा दाखवा. दप्तराच्या खोलीत बसलेला तरुण पाद्री जुन्या खर्चाच्या वहीत दर महिन्याला तीच रक्कम आणि पुढे फक्त आद्याक्षरं पाहतो, हा प्रसंग कुठल्याही गोळीबारापेक्षा जास्त पकड घेतो.

कुटुंब विसरू नका. तूव्हिएने १९४७ मध्ये लग्न केलं, त्याला दोन मुलं झाली, आणि तो बायकोचं माहेरचं आडनाव, बेर्ते, लावून वावरत असे. उलट अर्जेंटिनात ‘रिकार्दो क्लेमेंट’ बनून राहिलेल्या आडॉल्फ आइखमन या नाझी अधिकाऱ्याच्या मुलांनी आइखमन हेच आडनाव ठेवलं. थोरल्याची ओळख एका मुलीशी झाली, तिच्या जवळजवळ अंध वडिलांना त्या आडनावावरून संशय आला, आणि तिथून धागा इस्रायलपर्यंत पोचला. घरातलं पोर शाळेत कोणतं आडनाव सांगतं, हा तुमच्या पटकथेतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात धारदार धोका आहे.

शरीर

म्हाताऱ्याचं शरीर ही अडचण समजू नका, ते घड्याळ समजा. तूव्हिएचा मृत्यू प्रोस्टेटच्या कर्करोगाने झाला. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या माणसाला दर दोन तासांनी उठावं लागतं. आता त्याला रात्रीच्या रेल्वेत बसवा: डब्याच्या टोकाचं स्वच्छतागृह, बाहेर उभा तिकीट तपासनीस, आणि सीटवर एकटी राहिलेली बॅग.

हृदयविकार दाखवणार असाल तर गोळीचं नीट लिहा. अँजायनाची, म्हणजे हृदयविकारातल्या छातीच्या दुखण्यावरची, नायट्रोग्लिसरिनची गोळी जिभेखाली ठेवतात, पाण्याबरोबर गिळत नाहीत. रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून रुग्णाने बसायचं असतं. डोकं ठणकतं, आराम पडायला काही मिनिटं लागतात. गोळी तोंडात टाकून लगेच पळत सुटलेला म्हातारा पडद्यावर नेहमी दिसतो आणि नेहमी चुकीचा असतो. उन्हाने, उष्णतेने या गोळ्यांचा असर जातो, म्हणून त्या गडद काचेच्या बाटलीत ठेवतात. कोटाच्या खिशात सुट्ट्या ठेवलेल्या गोळ्या ऐन वेळी चालल्या नाहीत, हे कथानकाला सरळ उपयोगी पडतं. औषध संपलं की डॉक्टरची चिठ्ठी लागते, चिठ्ठीवर नाव लागतं, आणि नाव खोटं असलं तरी अक्षर खरंच असतं.

ओळख पटवायची खूण निवडताना त्या दलाची माहिती काढा. डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला रक्तगटाचा गोंदलेला ठसा ही एसएस या हिटलरच्या निमलष्करी दलाची पद्धत. मिलीसचा माणूस एसएसमध्ये गेला नसेल तर त्याच्या दंडावर तो दाखवणं चूक. आइखमनच्या बाबतीत चोरून काढलेल्या फोटोतला कान जुन्या फोटोतल्या कानाशी ताडून पाहिला गेला. चेहरा सुटतो, केस जातात, पण कानाची घडण ओळखू येते. आणि २१ मार्च १९६० ला, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी, तो घरी फुलं घेऊन आला. पाळत ठेवणाऱ्यांकडे लग्नाची तारीख होती. त्या फुलांनी खात्री पटली. तुमच्या म्हाताऱ्यालाही अशी एक कोवळी सवय द्या. पकडला जाईल तो त्याच सवयीमुळे.

मागावर असलेले

फ्रान्समध्ये अशा तपासाची सूत्रं तपास न्यायाधीशाकडे असतात. त्याच्या हाताखाली पोलीसही असतात आणि जेंडार्मरी हे लष्करी शिस्तीचं पोलीस दलही. जेंडार्मरी त्या काळी संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत होती. तूव्हिएचं काम अखेरीस जेंडार्मरीच्या पथकाकडे सोपवलं गेलं आणि मग वेग आला. म्हणून तुमची जोडी ‘हवालदार आणि त्याचा साहेब’ अशी नको. एक न्यायाधीश आणि एक लष्करी शिस्तीतला अधिकारी, दोघांची भाषा वेगळी, आणि दोघांनाही मंत्रालयातून येणारा फोन वेगळा.

दोन नियम थरारासाठी फुकट मिळतात. घरझडती सहसा सकाळी सहाच्या आत आणि रात्री नऊनंतर सुरू करता येत नाही. पथक साडेपाचला मठाबाहेर उभं आहे, आत घंटा वाजते, दिवा लागतो, आणि तीस मिनिटं कोणी आत जाऊ शकत नाही. तसंच पोलीस कोठडी चोवीस तासांची, वाढवून अठ्ठेचाळीस. मठातल्या स्वयंपाक्याला ताब्यात घेतलं की घड्याळ सुरू.

न्यायाधीशाला हा माणूस जिवंत हवा आहे, ही गोष्ट पहिल्या वीस पानांत ठसवा. विशीच्या पोलिसांचा प्रमुख राहिलेला रने बूस्के खटल्याची वाट पाहत होता. ८ जून १९९३ रोजी पॅरिसमध्ये त्याच्या घरी एका माणसाने त्याला गोळ्या घातल्या आणि त्याच्याबरोबर सगळी उत्तरं गेली. तुमच्या गोष्टीत मारेकरी असेल तर त्याला सूडापेक्षा मोठं कारण द्या: म्हातारा बोलला तर ज्यांची नावं बाहेर येतील, त्यांनी पाठवलेला माणूस.

१९४४ चा प्रसंग

तीन पानांपेक्षा जास्त नको, आणि तुकड्यातुकड्यांत पसरवू नका. एकदाच, सलग, फार तर पटकथेच्या साठाव्या पानाच्या आसपास. तोपर्यंत प्रेक्षक म्हाताऱ्याच्या खोकल्याला, थरथरत्या हाताला थोडा लळा लावून बसलेला असतो. ती कणव येणारच, ती टाळता येत नाही. म्हणून या प्रसंगाने तिचा हिशेब चुकता करायला हवा.

रिय्यो-ला-पापच्या घटनेतली दोन तथ्यं लिहिणाऱ्याने विसरू नयेत. कैद्यांत एक जण ज्यू नव्हता, त्याला बाजूला काढलं गेलं. तो वाचला आणि पन्नास वर्षांनी न्यायालयात साक्षीला उभा राहिला. आणि भिंतीपाशी पडलेल्या सातांपैकी एकाचं नाव खटल्याच्या वेळीही कळलेलं नव्हतं. मारणाऱ्याचं खोटं नाव, खरं नाव, बायकोकडचं नाव, सगळी उपलब्ध. मरणाऱ्याचं एकही नाही. कॅमेरा मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठेवू नका. त्या सातव्या माणसाच्या हातावर ठेवा. कोटाचं बटण लावतोय, कारण पहाट थंड आहे.

संवाद

मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक मोठा फायदा आहे. फ्रेंचमध्ये ‘त्यू’ आणि ‘व्हू’ आहेत, आपल्याकडे ‘तू’ आणि ‘तुम्ही’. इंग्रजीत हा सगळा खेळ बुडतो, मराठीत जसाच्या तसा येतो. मठाधिपती आणि म्हातारा एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणतात. जुना मिलीसचा सोबती भेटतो आणि पहिल्याच वाक्यात ‘तू’ म्हणतो. शेजारी बसलेल्या बायकोची मान वळते. तपास न्यायाधीश शेवटपर्यंत ‘तुम्ही’ सोडत नाही, आवाज चढला तरी. साखळीतला थकलेला माणूस बाराव्या पानावर ‘तुम्ही’ म्हणत होता, नव्वदाव्या पानावर ‘तू आता जा’ म्हणतो. नातं तुटल्याचं वेगळं सांगायला लागत नाही.

म्हाताऱ्याला लांब स्वगत देऊ नका. तो समजावत नाही, तो मागतो: रजई, दूध, गाडीभाडं. विचारसरणी बाहेर यायची तर ती चुकून, वहीतल्या ओळीतून. तूव्हिए वरवर पश्चात्तापाची भाषा करत होता, पण त्याच्या वहीतला ज्यूद्वेषी मजकूर खटल्यात वाचून दाखवला गेला, तेव्हा त्या पश्चात्तापात काही उरलं नाही.

अटक आणि त्यानंतर

अटक शांत ठेवा. दार, पायऱ्या, एक नाव विचारणं, आणि बऱ्याच वर्षांनी खरं नाव उच्चारलं जाणं. त्यानंतर आठ-दहा पानं तरी न्यायालयाला द्या. तूव्हिएचा खटला १७ मार्च ते २० एप्रिल १९९४ व्हर्सायला चालला. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला तो पहिला फ्रेंच नागरिक. जन्मठेप झाली, १७ जुलै १९९६ रोजी पॅरिसजवळच्या फ्रेन इथल्या तुरुंगात तो मेला. ‘इतक्या म्हाताऱ्याला कशाला’ हा प्रश्न पटकथेत कोणीतरी विचारलाच पाहिजे, आणि विचारणारा चांगला माणूस हवा. उत्तर न्यायाधीशाने द्यायचं नाही. साक्षीला आलेली, तेवढ्याच वयाची बाई काठी टेकत पिंजऱ्यापर्यंत जाते, एवढं पुरे.

ड्राफ्ट

एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, या हिशेबाने १०५ ते ११५ पानं. सीन पंचावन्न ते पासष्ट. त्यातले निम्मे म्हाताऱ्यावर, तिसरा भाग तपासावर, उरलेले साखळीतल्या माणसांचे, जेव्हा खोलीत तोही नसतो आणि पोलीसही नसतात. हे शेवटचे सीन पहिल्या ड्राफ्टमध्ये हमखास कमी पडतात. वन-लाइन, म्हणजे सगळ्या सीनची थोडक्यात यादी, झाली की फक्त दारांचे सीन वेगळे काढून वाचा. दोन दारं सारखी वाटली तर एक बुजवा.

खऱ्या प्रकरणावरून लिहिलंत तरी पात्रांची नावं, गावं, नाती बदला. मारले गेलेल्यांची आणि आरोपीचीही मुलं-नातवंडं हयात असतात. कुठल्या कादंबरीचा आधार घेतला असेल तर हक्क आधी लेखी घ्या. आणि कोणाला वाचायला देण्यापूर्वी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये पटकथा नोंदवा. सभासदाला ती ऑनलाइन नोंदवता येते. प्रत्येक मोठ्या बदलानंतरचा ड्राफ्ट पुन्हा नोंदवा, पहिल्याच नोंदणीवर विसंबू नका.